दार उघडलं की लिफ्ट थांबते

१४ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. आठ पानं! घरी होतास तेव्हा आठ शब्द बोलायचे म्हटले तरी तुझ्या जिवावर यायचं, आणि आता तुरुंगातून आठ पानं, तीही सगळी त्या बोर्डाबद्दल. आई दाराशीच उभी होती. "माझ्याबद्दल काय लिहिलंय?" मी म्हटलं, तब्येतीला जप म्हणून लिहिलंय. पुढच्या वेळी खरंच एक ओळ लिही, म्हणजे मला थापा माराव्या लागणार नाहीत.

वकीलबाई काल दुकानात येऊन गेल्या. पडद्यांचं माप द्यायला आल्यात असं वाटून मालकिणीने कापडाचे तागे उलगडायला घेतले होते. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं. बेकरीतली ट्रेची लिफ्ट चालवणारा तुझा बोर्ड अपघाताच्या दिवशी लोकांनी रागाच्या भरात फोडला, त्याचा चुरा झालाय, त्यावरून आता कुणालाच काही सांगता येणार नाही. पण तसाच दुसरा बोर्ड तू घरी ठेवलेला आहे आणि प्रोग्रॅम तुझ्या लॅपटॉपवर आहे. कोर्टापुढे तो चालवून दाखवता आला, लिफ्ट चालू असताना दार उघडलं की ती थांबते हे न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलं, तर ट्रे भरणाऱ्या मावशींचा जीव तुझ्या बोर्डामुळे गेला नाही हे सिद्ध होईल. मग एकच शक्यता उरते. तू पहिल्या दिवसापासून सांगतोयस तीच, की मुकादमाने कामाच्या घाईत दाराचं बटण तारेने बांधून ठेवलं होतं, म्हणजे दार उघडलं तरी लिफ्टला ते बंदच वाटावं. तू सुटशील आणि आत्ता जामिनावर फिरणारा मुकादम आत जाईल.

बाईंनी दोन जाणकारांना विचारलं. एक बाई मेलेली आणि बोर्ड घरगुती, हे ऐकून दोघांनीही हात वर केले. म्हणून तुझी आठ पानं, आणि म्हणून मी. ज्या ताईला तू कधी त्या टेबलाला हात लावू दिला नाहीस. फडकं मारायला गेले तरी "ताई, नाक खुपसू नकोस" म्हणून ओरडायचास. आता खुपसते बघ.

टाइमर इंटरप्टचं पान सगळं डोक्यावरून गेलं. परत लिही, आणि माणसाला समजेल असं लिही. तुला सोडवायचं म्हणजे मला हे शिकलंच पाहिजे, त्यामुळे माझी कीव कर आणि अक्षर नीट काढ.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

आता कळलं! म्हणजे निम्मं कळलं.

ती चिप म्हणजे खाली मान घालून काम करणारा माणूस. एक ओळ झाली की पुढची, ती झाली की त्याच्या पुढची. आपण होऊन मान वर करून बघायचा नाही. तिच्या आतच एक मोजणारं यंत्र आहे, टाइमर. ठरलेला आकडा गाठला की ते तिला हटकतं, हातातलं ठेव, हे एवढं बघून ये, आणि जिथे होतीस तिथूनच पुढे सुरू कर. बरोबर ना? मग यात आठ पानं लिहिण्यासारखं काय आहे? मी शिवायला बसले की आई आतून हाक मारते. मी सुई कापडात तशीच ठेवते, तिला पाणी देते, परत येऊन त्याच टाक्यापासून पुढे शिवते. आणि तू लिहिलंयस ना, की इंटरप्टमध्ये गेल्यावर तिथे रमायचं नाही, पटकन खूण करून परतायचं, तेही पटलं. आईजवळ गप्पा मारत बसले तर पडदा आठ दिवस होत नाही.

पण तुझा पहिला धडा मात्र फसला. सेकंदाला एकदा दिवा लुकलुकायला हवा होता, माझा नुसता मिणमिणत राहिला. मी बोर्ड बदलला, दिवा बदलला, लॅपटॉप बंद करून चालू केला, शेवटी कपाळाला हात लावून बसले. मग तुझं पाचवं पान काढलं. टाइमर मोजतो ते चिपचे ठोके एक हजार चोवीसने भागायचे राहिले होते. दिवा बिचारा लुकलुकतच होता, पण इतक्या झपाट्याने की डोळ्यांना दिसेना. भागल्यावर लागला लुकलुकायला. आकडा पंधरा हजार सहाशे चोवीसच दिला, पंचवीस नाही, कारण मोजणी शून्यापासून. (बघ, आता मीसुद्धा नाकाने कांदे सोलायला लागले.) आईला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "एवढंच? यासाठी तो रात्रंदिवस बसायचा?" पण नंतर बराच वेळ त्या दिव्याकडे बघत बसली होती.

गेल्या तारखेला तुला कोर्टात आणलं तेव्हा तू फार वाळलेला दिसलास. गाडीत चढवताना मी हाक मारली, ती तुला ऐकू गेली का?

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

थांबते! दार उघडलं की थांबते!

तुझ्या चित्राप्रमाणे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. लिफ्टच्या जागी तुझ्या डब्यातली छोटी मोटर, दाराच्या जागी एक बटण, मजल्याच्या जागी दुसरं. टाइमर सेकंदात शंभर वेळा दाराकडे बघून येतो, दार उघडं दिसलं तर खूण करून ठेवतो आणि मोटर चालवणाऱ्या ओळींचा फेरा पुन्हा पुन्हा फिरताना ती खूण पाहून मोटर बंद करतो. तू सांगितल्याप्रमाणे त्या फेऱ्यात स्क्रीनवर छापायची ओळही घातली. "न्यायाधीशांना दिसायला बरं" हे अगदी खरं आहे. मोटर फिरत असते तोवर स्क्रीनवर "दार बंद, दार बंद" असं सरकत राहतं आणि बटण सोडलं की क्षणात "दार उघडं", मोटर गप. वीस वेळा तरी केलं असेल. आईलाही करायला लावलं. तिच्या हातूनही मोटर दर वेळी थांबली. माझा जीव भांड्यात पडला. मग मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण तिच्यासमोर रडले तर तिला वाटणार काहीतरी वाईट झालं.

एक सांगायचं राहिलं. परवा वकीलबाईंकडे गेले होते, जिन्यात मुकादम भेटला. मी अंग चोरून वर निघाले होते, तर तोच बाजूला झाला आणि म्हणाला, "ताई, तार नव्हती हो बांधलेली. लिफ्ट निघाली आणि वरचा ट्रे घसरला, म्हणून मावशीने दार उचललं आणि आत वाकली. मी समोर उभा होतो. लिफ्ट थांबलीच नाही." मी म्हटलं, "माझ्या भावाला फासावर चढवून तुमची सुटका होणार नाही." तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. बेकरीने त्याला काढलंय आणि बटण बांधणारा म्हणून दुसरीकडे कुणी उभं करत नाही, असं खाली चहावाला सांगत होता. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तारीख तीस मार्चची मिळाली आहे. कोर्टाने नेमलेले एक प्राध्यापक असतील, ते बघतील आणि प्रश्न विचारतील. मी पाठ करून ठेवते.

ताई


५ मार्च

बारक्या,

माझ्या हातून काहीतरी बिघडलंय. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर धाड.

वकीलबाई म्हणाल्या, लिफ्टवर होता तोच प्रोग्रॅम, अक्षरही इकडचं तिकडे नाही, असं लिहून द्यावं लागेल. मग मला आठवलं, ती छापायची ओळ लिफ्टवर कुठे होती? बेकरीत स्क्रीनच नव्हता. म्हणून प्रामाणिकपणे ती ओळ काढली. तुझ्या लॅपटॉपवर बेकरीला दिलेल्या दिवसाचा प्रोग्रॅम वेगळा ठेवलेला आहे, त्याच्याशीही ताडून पाहिलं, अगदी तसाच केला. एक ओळ काढली फक्त.

आणि आता दार उघडलं तरी मोटर थांबत नाही.

आधीच दार उघडं असेल तर सुरूच होत नाही, ते ठीक. मजला आला की थांबते, तेही ठीक. पण दार लावून सुरू केली आणि मध्येच दार उघडलं की फिरतच राहते. बटण बदललं. तारा बदलल्या. प्रोग्रॅम पुसून पुन्हा भरला. ती ओळ घातली की थांबते, काढली की नाही. नुसतं छापण्याने मोटरला काय फरक पडतो रे? ते तर दिसण्यापुरतं होतं ना?

माझंच कुठेतरी चुकतंय. मला यातलं कळतं किती! पण आता पंचवीसच दिवस उरलेत. आईला सांगितलेलं नाही. सोमवारी भेटीला येते, तोवर विचार करून ठेव.

ताई


१३ मार्च

बारक्या,

काचेपलीकडून तू म्हणालास, हे पत्रात लिहू नकोस. लिहिते आहे. तिथे पत्रं उघडत असतील तर उघडू देत.

तुला विचार करायची गरजच नव्हती. मी विचारायचा अवकाश, तू फोन कानाला लावून म्हणालास, "ओळ परत घाल आणि कुणाला बोलू नकोस." इतक्या सहज की, मीठ संपलंय, घेऊन ये, म्हणावं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती ओळ न्यायाधीशांना दिसायला बरी म्हणून नव्हतीच. ती असल्याशिवाय लिफ्ट थांबणार नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणून ती मला घालायला लावलीस.

पुढचं तुझ्या तोंडून काढून घेतलं. खूण ज्या नावाखाली ठेवली आहे त्याच्या आधी एक शब्द लिहायचा असतो, व्होलटाईल. ही वस्तू तुझ्या पाठीमागे बदलू शकते, दर वेळी नव्याने बघ, असा त्याचा अर्थ. तो लिहिला नाही तर मोटर चालवणारा फेरा निघताना एकदा खूण बघून घेतो, दार बंद, आणि मग तेच मुठीत धरून फिरत राहतो. टाइमर इमानाने शंभर वेळा दाराशी जाऊन येतो, दार उघडलंय म्हणून खूण करतो, पण ती खूण बघायला कुणी जातच नाही. छापायला जायचं असलं की मूठ सोडावी लागते, परतताना नवं बघावं लागतं, म्हणून त्या ओळीने सगळं झाकलं. घरी तू ती ओळ ठेवून तपासलंस. देताना स्वच्छ दिसावं म्हणून काढलीस आणि चालत्या लिफ्टचं दार पुन्हा उघडून पाहिलं नाहीस.

बारक्या, एक शब्द राहिला याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. माझ्या हातून बोटभर तोकडे पडदे कापले गेलेत. तुझ्या चुकीने माणूस गेलं हे भयंकर आहे, पण ती चूक होती, आणि ती तू कबूल केली असतीस तर मी जन्मभर तुझ्या बाजूने उभी राहिले असते.

पण त्या संध्याकाळी बेकरीतून आलास, जेवायला नको म्हणालास आणि टेबलाशी बसलास. धक्का बसलाय त्याला, म्हणून आईने दार लोटून घेतलं होतं. तू दुसऱ्या बोर्डावर हेच करून पाहत होतास. हो की नाही? तू मान डोलावलीस. म्हणजे पोलीस यायच्या आधी तुला सगळं माहीत होतं, आणि ते आल्यावर तू तारेची गोष्ट सांगितलीस. त्या बटणाला तार कुणीच बांधलेली नव्हती. ती तू तोंडाने बांधलीस, आणि एका माणसाच्या गळ्याला बांधलीस.

मी त्याला जिन्यात काय बोलले ते तुला लिहिलंच होतं. वाचून तुला काय वाटलं रे? मला हे विचारायचं होतं, तेवढ्यात वेळ संपली.

ताई


२९ मार्च

बारक्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. या खेपेला आईबद्दल भरपूर लिहिलंयस.

तू म्हणतोस मुकादमाचं वय झालंय, त्याला फार शिक्षा होणार नाही, त्याच्यामागे कुणी नाही. त्याच्यामागे कुणी नाही हे तुला कसं कळलं? तू म्हणतोस आई हे सोसणार नाही. कदाचित नाही सोसणार. तू म्हणतोस, ताई, तू माझी की त्यांची? मी तुझीच आहे. तुला पाळण्यात झोके दिलेत, तुझ्या शाळेच्या सदऱ्यांना बटणं लावलीत, तुझ्यासाठी या वयात पंधरा हजार सहाशे चोवीस पाठ केलेत. दुसऱ्या कुणाची असते तर वकीलबाईंना त्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते. सतरा दिवस तोंडाला कुलूप लावून पडदे शिवले नसते.

गेल्या रविवारी मी तो बोर्ड उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला होता. तेही तुला कळलेलं बरं. टाकला असता तर तू सुटला असतास का, माहीत नाही, पण मला कुणी काही विचारू शकलं नसतं. शेजारीण कचरा टाकायला आली, मी बाजूला झाले, तिने टाकला आणि गेली, आणि मी बोर्ड घेऊन परत वर आले. का आणला परत, ते नीट सांगता येत नाही. मावशी आत वाकल्या असतील ना, तेव्हा त्यांना वाटलं असणार की दार उघडलंय म्हणजे लिफ्ट थांबलीय. सगळ्यांना तसं सांगितलेलं होतं. तू स्वतः उभं राहून बेकरीतल्या बायकांना सांगितलं होतंस. हे मनातून जाईना.

उद्या सकाळी मी बोर्डाची पिशवी घेऊन येईन. काम सुरू झाल्यावर आधी तुला विचारतील. तू उभा राहा आणि सांग. एवढंच म्हण की शब्द राहिला, तार नव्हती. वकीलबाई म्हणतात (मी त्यांना "समजा एखाद्याने" असं विचारलं, पण त्या खुळ्या नाहीत), स्वतःहून कबूल केलं तर न्यायाधीश ते लक्षात घेतात. तू बोललास तर मी पिशवी उघडणारसुद्धा नाही. घरी येऊन आईला मीच समजावीन, दर भेटीला येईन, तू बाहेर येशील तेव्हा दाराशी उभी असेन.

टपालाने हे पत्र तुला उद्यापर्यंत मिळणार नाही म्हणून पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हाती देते आहे. तो देतो म्हणाला आहे. बारक्या, पाया पडते तुझ्या. मोठी असून पडते. तूच सांग.

ताई


८ एप्रिल

बारक्या,

शिपायाने पत्र दिलं होतं. मला तुझ्या हातात दिसलं, चौघडी केलेलं. म्हणजे तू वाचून उभा राहिलास.

आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालास, "माझी बहीण पडदे शिवते, तिला यातलं काही कळत नाही. बोर्ड चालत नसेल तर तिने काहीतरी बिघडवलं असेल."

मी अजून पिशवी उघडलीही नव्हती. बोर्ड चालत नाही असं तिथे कुणी म्हटलंही नव्हतं. प्राध्यापकांनी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं ते त्यामुळेच. तुझ्या ध्यानात तरी आलं का ते? मला तर क्षणभर उठून जावंसं वाटलं. पण मग मुकादम दिसला, मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेला, आणि मी मोटर जोडली.

पुढचं तू पाहिलंसच. बेकरीत होता तसा चालवला, दार उघडलं, मोटर फिरत राहिली. छापायची ओळ घातली, थांबली. ओळ काढली आणि तो शब्द लिहिला, थांबली. तो लिहिताना दोनदा चुकला. प्राध्यापक शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "सावकाश." त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, शब्द बघताच त्यांनी डोळे मिटून घेतले. शिकवताना दर वर्षी सांगतो, एवढंच म्हणाले. तू त्या वेळी खिडकीकडे बघत होतास.

मुकादमाला त्याच दिवशी मोकळं केलं. बाहेर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जिन्यातल्या बोलण्याची माफी कशी मागायची ते मी जुळवत होते, तेवढ्यात त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग तो गेला. वकीलबाईंनी तुझं काम सोडलेलं नाही, पण खोटं सांगून दुसऱ्याला अडकवलंस हे आता वेगळं कलम लागेल, शिक्षा वाढेल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. शिक्षेची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सोमवारी भेटीला आले होते. दोन तास बाकावर बसले. शिपाई दोनदा आत जाऊन आला आणि म्हणाला, "तो नको म्हणतोय." मी आणलेले कपडे त्याच्याकडे दिले. निळ्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवली आहे.

आई कोर्टात शेवटपर्यंत बसली होती. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. पाणी दिलं, घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी शिवायला बसले होते, तेव्हा आतून तिने हाक मारली. मला इतका आनंद झाला की सुई तिथेच टाकून धावले. ती तशीच भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "तू ते शिकलीसच कशाला?"

तुला सोडवायला शिकले होते, बारक्या. मी तिच्या पायथ्याशी उभी राहिले, पण तिला एवढंही सांगता आलं नाही.

ताई